ढाक्यातला बंद आणि वालीवचा गाळा

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांनी राजीनामा देऊन ढाका सोडलं आणि त्याच आठवड्यात भारतातल्या व्यापारी वर्तुळात एक हिशेब मांडला जाऊ लागला. बांगलादेशातले कपड्यांचे कारखाने बंद आहेत, युरोप-अमेरिकेतले खरेदीदार धास्तावले आहेत, तेव्हा त्यांच्या ऑर्डरी आता तिरुपूरला येतील, नोएडाला येतील, मुंबईच्या आसपासच्या शिलाईवाल्यांनाही त्यातला वाटा मिळेल. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या जुलै-ऑगस्टमध्ये बांगलादेशात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली. तिथले सुमारे चाळीस लाख शिवणकामगार, ज्यांत बहुसंख्य बायका आहेत, कारखान्याचं फाटक उद्या उघडेल की नाही या विवंचनेत होते. आपल्याकडे मात्र चर्चा रंगली ती संधीची.

हा हिशेब निर्दयी तर होताच, पण तो चुकलाही. जून २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात घटली नाही, वाढली. ३९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. भारताची निर्यातही मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षात वाढून १६ अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचली. काही काम इकडे सरकलं असेल, पण ढाक्याचा धंदा उठून तिरुपूरला आला, असं झालं नाही. आणि वर्षभरात पारडं फिरलं. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के वाढीव आयातशुल्क लावलं. बांगलादेश आणि व्हिएतनामला ते २० टक्के होतं. तिरुपूर, नोएडा आणि सुरतेतल्या उत्पादकांनी काम थांबवल्याचं निर्यातदारांच्या महासंघाने जाहीर केलं. ऑर्डरी कुठे वळतील याचा विचार करण्याची पाळी आता ढाक्याची होती.

वसई-विरारने हे दोन ऑगस्ट महिने एकत्र पाहायला हवेत. ढाक्याजवळच्या आशुलियात शिलाई करणारी बाई आणि वसई पूर्वेच्या वालीवमध्ये शिलाई करणारा कारागीर एकमेकांच्या पोटावर पाय देत नाहीत. दोघंही एकाच साखळीच्या शेवटच्या टोकाला उभे आहेत. मंदी न्यूयॉर्कला येवो, सत्तांतर ढाक्याला होवो किंवा शुल्काचा हुकूम वॉशिंग्टनहून निघो, साखळी हलली की पहिला हिसका याच टोकाला बसतो.

वसई पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दोन्ही अंगांना वालीव, सातिवली, गोखिवरे आणि पुढे पेल्हारपर्यंत गाळ्यांच्या इमारती पसरल्या आहेत. तारापूरसारखी एमआयडीसीने आखून वसवलेली ही वसाहत नाही. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला. हे गाळे त्याआधीपासून, ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांच्या काळापासून, खासगी जमिनींवर उभे राहत गेले. एका गाळ्यात लेथ, शेजारी प्लास्टिकचं मोल्डिंग, वरच्या मजल्यावर शिलाई.

शिलाईच्या गाळ्यात शिरलं की समोरासमोर दोन रांगांत मशीनं दिसतात. सिंगल नीडल जास्त, एक-दोन ओव्हरलॉक. काज-बटणाचं काम बरेचदा बाहेरून करून घेतलं जातं. कापलेला माल गठ्ठ्यांनी येतो, प्रत्येक गठ्ठ्याला साइझ आणि नग लिहिलेली चिठ्ठी बांधलेली. कॉलर एकाकडे, बाही दुसऱ्याकडे, साइड तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक कामाचा दर वेगळा. मशीनवर बसलेले कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालचे. शेवटी धागे कापून, डाग तपासून, घडी घालण्याचं काम नालासोपाऱ्याच्या चाळींतून येणाऱ्या बायकांचं. यातला बराच माल मुंबईच्या घाऊक बाजारासाठी असतो, काही निर्यातीचा. पगार बहुतेकांना नगावर. नग नाही, तर पैसा नाही. आणि नग का नाही, हे विचारायची सोय नाही.

आता या गाळ्यापर्यंत ऑर्डर येते कशी ते पाहू. परदेशातला ब्रँड निर्यातदाराला ऑर्डर देतो. निर्यातदार बँकेकडून उचल घेऊन कापड भरतो, कटिंग करतो आणि स्वतःच्या कारखान्यात जेवढं शिवून होत नाही तेवढं फॅब्रिकेटरकडे पाठवतो. फॅब्रिकेटर म्हणजे हाच गाळेवाला. त्याच्याकडे कागद असतो तो फक्त चालानचा: इतके नग आले, इतके परत गेले. ब्रँड पैसे देतो माल जहाजात चढल्यावर, आणि बरेचदा त्यानंतरही दोन-तीन महिन्यांनी. तोवरचं कापड, मजुरी, वीज, भाडं हा सगळा खर्च खालच्या माणसांनी उचललेला. माल वेळेत गेला नाही तर सूट मागितली जाते किंवा विमानाने पाठवायला लावतात, तेही कारखान्याच्या खर्चाने. म्हणजे ज्याच्या हातात सर्वांत कमी पैसा, त्यानेच धंद्यातली सर्वांत मोठी जोखीम घ्यायची, अशी या व्यवसायाची मुळातली रचना आहे. मंदी आणि अशांतता ही रचना तयार करत नाहीत, उघडी पाडतात.

२०२० च्या मार्चमध्ये ती सगळ्या जगासमोर उघडी पडली. साथीने युरोप-अमेरिकेतली दुकानं बंद झाली आणि ब्रँडांनी करारातल्या आपत्तीच्या कलमाकडे बोट दाखवून ऑर्डरी रद्द केल्या. शिवून तयार असलेल्या मालाच्याही. एकट्या बांगलादेशात ३ अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द झाल्या किंवा लटकल्या. पुढे जगभरातल्या ग्राहकांनी आणि कामगार संघटनांनी मोहीम चालवल्यावर काही ब्रँडांनी पैसे दिले, काहींनी नाही.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वसईत सनसिटीच्या मैदानावर हजारो माणसं गोळा झाली होती. श्रमिक रेल्वेत जागा मिळावी म्हणून, उन्हात, डोक्यावर बोचकी घेऊन. वसई-विरारच्या गाळ्यांनी ज्यांच्या हातांवर आपला धंदा उभा केला, ती ही माणसं. टाळेबंदीत गाळा बंद, म्हणून नग बंद, म्हणून खोलीचं भाडं थकलेलं. गर्दी झाली म्हणून तेव्हा ओरड झाली, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती रास्तही होती. पण ही माणसं नेमकी कुठल्या गाळ्यातली, त्यांचा किती पगार बुडाला, याची यादी करायला कोणाला सुचलं नाही. आजही ती यादी नाही.

राजकीय उलथापालथीचा फटका आणखी आडवळणाने बसतो. इथिओपियाने हवासा इथे मोठ्या हौसेने कपड्यांच्या कारखान्यांसाठी औद्योगिक पार्क उभारला, अमेरिकेत शुल्काशिवाय माल जाईल या भरवशावर. उत्तरेला टिग्रेमध्ये युद्ध पेटलं, मानवी हक्कांच्या उल्लंघनाचं कारण देऊन अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून ती सवलत काढून घेतली आणि एका मोठ्या अमेरिकी कंपनीने तर त्याआधीच हवासातला आपला कारखाना गुंडाळला. हवासा दक्षिणेला आहे, युद्धभूमीपासून शेकडो किलोमीटर दूर. युद्ध करणाऱ्यांना त्या निर्णयाने काय धडा मिळाला ते सांगणं अवघड आहे; हवासाच्या मुलींची नोकरी मात्र गेली. श्रीलंकेत २०२२ मध्ये परकीय चलन आटलं, डिझेल मिळेना, बसगाड्या बंद पडल्या, आणि देशाची सर्वांत मोठी औद्योगिक निर्यात असलेले कपडे शिवणाऱ्या कामगारांना कारखान्यापर्यंत पोहोचणंच दुरापास्त झालं.

बांगलादेशातलं बेक्सिम्कोचं प्रकरण याहून बोलकं आहे. हा तिथला अवाढव्य उद्योगसमूह. त्याचे एक मालक सलमान रहमान हे हसीना यांचे सल्लागार होते. सत्ता गेली, त्यांना अटक झाली, समूहाची कर्जं बाहेर आली, बँकांनी हात आखडते घेतले, आणि २०२५ च्या सुरुवातीला गाझीपूरमधले या समूहाचे कपड्यांचे कारखाने बंद झाले. हजारो कामगार रस्त्यावर आले. मालकाने सत्तेशी संधान बांधलं तेव्हा त्याचा लाभ कामगारांच्या पगारात उतरला नव्हता. किमान वेतन वाढावं म्हणून २०२३ च्या अखेरीस हेच गाझीपूर आणि आशुलिया पेटलं होतं, मागणी २३ हजार टकांची होती, आणि हाती आले १२,५०० टका. पण मालकाचं राजकारण फसलं तेव्हा किंमत मोजली ती त्याच कामगारांनी.

आपल्याकडे असं होत नाही, असं म्हणण्याआधी मुंबईचा इतिहास आठवावा लागतो. वसई-विरारच्या निम्म्या गोष्टी तिथूनच सुरू होतात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ असं यादवी युद्ध झालं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या शब्दावर समुद्र बुजवण्याच्या कंपन्या उभ्या राहिल्या. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची खबर आली आणि काही आठवड्यांत भाव, शेअर, पेढ्या सगळं कोसळलं. परक्या देशातल्या संकटावर मिळालेली तेजी इतकीच टिकते. याच प्रकरणातली एक बाजू मात्र फार कमी सांगितली जाते. लँकेशायरमध्ये लाखो कामगार बेकार होऊन मदतनिधीवर जगत होते, तेव्हा ब्रिटिश संसदेने १८६३ मध्ये खास कायदा केला, नगरपालिकांना कर्ज दिलं आणि गिरणी कामगारांना रस्ते, गटारं, बागा बांधण्याचं काम दिलं. त्या मदतीत त्रुटी होत्या, पण परदेशातल्या युद्धाने बेकार झालेल्या माणसाची जबाबदारी सरकारची आहे, हे तेव्हा मान्य झालं होतं.

त्याहून मागे जायचं तर नालासोपाऱ्यापाशीच थांबता येईल. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या वहीत सोपाऱ्याचं नाव येतं आणि कल्याणचंही. कल्याण पूर्वी राजरोस व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जातात, असं तो लिहितो. तेर आणि पैठणचा माल गाड्यांतून भरूचकडे जाई, आणि तेरच्या मालात साधं जाडंभरडं कापड आणि मलमल भरपूर असे. दोन राजांच्या भांडणात कोकणच्या बंदराचा व्यापार असा गुजरातेत गेला होता.

आणि १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप का फसला यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. इथे एवढंच महत्त्वाचं की कापड बनणं थांबलं नाही. ते भिवंडीच्या मागांवर, लहान शेडमध्ये, जिथे संघटना नव्हती आणि हजेरीपट नव्हता, तिथे सरकलं. गिरणगावातली अनेक कुटुंबं पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या थांब्यांकडे, नालासोपारा-विरारला राहायला आली. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या काही बायका आज धागे कापायला गाळ्यात जातात. सासऱ्याच्या हातात गिरणीचा पास होता, भविष्यनिर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटीसाठी भांडता तरी येत होतं. सुनेकडे पुरावा म्हणून फॅब्रिकेटरच्या वहीतली एक ओळ आहे.

अशांततेचे धागे आता उलट्या दिशेनेही गुंतले आहेत. बांगलादेशाला सूत पुरवणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे, म्हणजे ढाक्यात मशीन थांबलं की आपल्या सूतगिरण्यांत सुताचे कोन साठू लागतात आणि त्याची झळ यवतमाळ-अकोल्याच्या कापसाला लागते. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून सूत घेणं थांबवलं. १७ मे २०२५ ला भारताने तिथले तयार कपडे जमिनीवरून यायला बंदी केली. आता ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकात्याच्या बंदरांतून येऊ शकतात. बांगलादेशी शर्ट-टीशर्ट शुल्काशिवाय येऊन देशी बाजारात स्वस्त विकले जातात, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार होती, त्यामुळे या हुकुमाचं वसईतही स्वागत झालं असेल तर नवल नाही. पण तीनच महिन्यांनी, १९ ऑगस्टपासून, अमेरिकी शुल्काने हैराण झालेल्या कपडे उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, नंतर ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, आणि विदर्भातला शेतकरी ऐन हंगामात भाव पडणार म्हणून हवालदिल झाला. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या ताटातलं काढायचं, यापलीकडे आपली तयारी नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांची निर्यात प्रोत्साहन मोहीम आणि निर्यातदारांना २०,००० कोटी रुपयांपर्यंत वाढीव कर्ज मिळावं म्हणून हमी योजना मंजूर केली. निर्यातदार टिकला पाहिजे, यात वाद नाही. तो बुडाला तर गाळा त्याच्याबरोबर बुडतो. पण कर्जहमीचा रुपया फॅब्रिकेटरपर्यंत येईल आणि तिथून कारागिराच्या हातात पडेल, असं मानायला कुठलाही आधार नाही.

आधार तयार करता येईल, आणि त्यासाठी फार काही नवं शोधावंही लागणार नाही. सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिलं पाहिजे, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज आहे. आयकर कायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावटही त्या वर्षी मिळत नाही. हे हत्यार फॅब्रिकेटरला वापरता येतं, पण त्याची उद्यम नोंदणी हवी आणि चालानबरोबर दर आणि मुदत लिहिलेला कागद हवा. दोन्ही बाबतींत वसईच्या गाळेवाल्यांच्या संघटनांनी पुढाकार घेतला पाहिजे. एकट्या गाळेवाल्याने व्याज मागितलं तर पुढचा लॉट दुसऱ्याकडे जातो. शंभर जणांनी मागितलं तर निर्यातदाराला दुसरीकडे जायला जागा उरत नाही.

कामगारासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम सुटलं तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. ऑर्डर थांबल्यावर ते तीन महिने निघावेत, यासाठीच ही तरतूद आहे. पण विमा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू, आणि शिलाईच्या अनेक गाळ्यांत हा दहाचा आकडा कागदावर भरतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात लेखी नियुक्तिपत्र सर्वांना द्यायचं आहे. वालीवच्या कारागिराच्या हातात ते पत्र कधी पडणार, हे विचारायला स्थानिक आमदार-खासदारांनी सुरुवात केली तर फरक पडेल.

राणा प्लाझाची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळून १,१०० हून जास्त माणसं गेली, तेव्हा ब्रँडांना इमारत आणि आगीच्या सुरक्षेचा कायदेशीर बांधील करार करावा लागला, आणि दीड हजारांहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली. म्हणजे ब्रँडांना बांधता येतं. ऑर्डर रद्द झाली तर कापलेल्या आणि शिवलेल्या मालाची मजुरी तरी द्यावीच लागेल, असं कलम अशाच एखाद्या कराराने यायला हवं, आणि ते भारत-बांगलादेशाच्या कामगार संघटनांनी एकत्र मागितलं तरच येईल. ढाका बंद पडलं म्हणून इथे आनंद मानत राहिलो, तर ही मागणी कधीच उभी राहणार नाही.

यातलं पहिलं पाऊल मात्र अगदी जवळचं आहे. प्रत्येक गाळ्याच्या मालमत्ता कराची नोंद महापालिकेकडे आहे, व्यावसायिक आणि औद्योगिक वीजजोडण्यांची नोंद महावितरणकडे. या दोन याद्या एकत्र केल्या तर कुठल्या इमारतीत किती शिलाईचे गाळे चालतात हे महिन्याभरात कळेल, आणि त्या गाळ्यांत जाऊन कारागिरांची ई-श्रम व विमा नोंदणी करायला पालघर जिल्ह्यातल्या कामगार कार्यालयाचे आणि महापालिकेचे कर्मचारी पुरेसे आहेत. महापालिकेत अनेक वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर निवडून आलेले नगरसेवक पुन्हा बसले आहेत. वालीव, सातिवली आणि पेल्हारच्या प्रभागांतल्या नगरसेवकांनी हा ठराव पुढच्या महासभेत मांडावा.